मदत हवी आहे : डोक्याला मार लागल्यापासून दादा बदललाय

नमस्कार. मोठ्या भावासाठी विचारते आहे. वय ४४, सांगलीजवळ आमच्या गावात किराणा दुकान. दोन वर्षांपूर्वी गळीत हंगामात रात्री घरी येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता, दादाला हेल्मेट नव्हतं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार आणि थोडा रक्तस्राव, पण ऑपरेशन लागलं नाही. अकराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी आला तेव्हा वाटलं, सुटलो.

अख्ख्या गावाची उधारी त्याला तोंडपाठ असायची. आता गिऱ्हाईक साखर मागतं आणि हा आतून साबण घेऊन येतो. वासही गेलाय. परवा दूध करपून पातेलं काळं झालं, हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. नाकातून मेंदूकडे जाणारे बारीक तंतू धक्क्याने तुटतात, असं डॉक्टर म्हणाले.

सगळ्यात अवघड म्हणजे राग. लेकाने पाणी सांडलं म्हणून ताट भिरकावलं, आणि पाच मिनिटांत त्यालाच पोटाशी धरून रडला. असा नव्हता हो तो. दिसायला धडधाकट, त्यामुळे लोकांना नाटक वाटतं. वहिनी पार थकून गेली आहे.

अपघातानंतर तीन महिन्यांनी फिट आली, तेव्हापासून लेव्हेटिरासिटाम ही फिटवरची गोळी चालू आहे. या गोळीने काहींची चिडचिड वाढते असं वाचलं. परस्पर बंद करणार नाही, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांशी बोलायचंच आहे. पण गोळी बदलल्यावर कुणाच्या माणसाचा राग उतरला का?

दुसरं, स्मरणशक्ती आणि लक्ष यांची सविस्तर चाचणी (न्यूरोसायकॉलॉजिस्ट करतात ती) मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात कुठे होते? बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी रुग्णालयात पुनर्वसनाचा वेगळा विभाग आहे हे माहीत आहे, पण दुकान बंद ठेवून तिकडे राहणं जमेल असं वाटत नाही.

आणि पुढची भीती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात ठेवता येणाऱ्या १४ गोष्टींत डोक्याची दुखापत आहे, असं वाचलं. त्या रात्री झोप लागली नाही. त्याच यादीत बीपी आणि मधुमेहही दिसले, म्हणून दोन्ही तपासून घेतले. बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू केली. आणखी काय सांभाळायला हवं?

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी, दोन वर्षांनंतरही सुधारणा दिसली असेल तर जरूर लिहा. वहिनीला इथले प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.