मदत हवी आहे: संशोधन करणाऱ्या प्राणी संस्थेचा परिणाम मोजतात कसा? (तातडीचे)

सातपुडा_पायथा
धुळ्यात प्राण्यांसाठी आमची नवी संस्था आहे. आम्ही फक्त संशोधन करतो. सीएसआर निधीचा (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो) अर्ज सोमवारी द्यायचाय. त्यात 'लाभार्थी प्राण्यांची संख्या' असा रकाना आहे आणि खाली 'परिणाम कसा मोजणार' यासाठी जागा. विश्वस्त म्हणतात, अहवाल किती जणांनी डाऊनलोड केला तो आकडा टाक. मला नाही पटत. डाऊनलोडने एकाही प्राण्याचे हाल कमी होत नाहीत. कुणाकडे तयार नमुना आहे का? लवकर सांगा.

रावेरची_केळी
कोणते प्राणी? कुत्री, गुरं, कोंबड्या? अहवाल कशावर, आणि वाचणार कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाही, नमुना कशाचा देणार?

भुसावळ_जंक्शन
आम्ही भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम करतो. कानाला खूण असलेली आणि नसलेली कुत्री वॉर्डनिहाय मोजायची, दर पावसाळ्यानंतर परत मोजायची. आकडा स्वच्छ मिळतो. तुम्हीही नसबंदी सुरू करा, निधी अडत नाही.

अमळनेरकर
आधी १२ए, ८०जी (आयकराच्या) आणि सीएसआर-१ (सीएसआर निधी घेण्यासाठीची) या नोंदण्या झाल्यात का ते बघा. नसतील तर अर्ज बाजूलाच पडेल. विषयाची काळजी नको, कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये प्राणी कल्याण येतं.

सातपुडा_पायथा
नोंदण्या सगळ्या झाल्यात, प्रश्न तो नाही. विषय ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या. शेडवरून गाडी भरताना काय होतं ते आम्ही उभं राहून पाहिलं. एका हातात चार-पाच पक्षी, पायाला धरून उलटे. क्रेटच्या तोंडाशी पंख अडकला तरी तसाच आत दाबतात. गाडी उतरवताना मेलेले आणि पंख मोडलेले पक्षी आम्ही मोजले. अहवालात दोनच गोष्टी मागितल्या: उन्हाळ्यात रात्री भरा, आणि क्रेटमध्ये पक्षी कमी ठेवा. व्यापारी आणि प्राणी संघटना दोघांना दिला. एका व्यापाऱ्याने मेपासून रात्री भरायला घेतलं, जुलैत मरतूक बरीच खाली आली. हेच टाकू का?

नवापूरवाला
जुलैचा आकडा टाकू नका भो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पाऊस पडला की मरतूक आपोआप उतरते, अहवाल काढा की नका काढू. यंदाचा मे मागच्या मेशी लावा. आणि त्याच रस्त्यावरचा, अहवाल न मिळालेला दुसरा व्यापारी शोधून त्याचाही मे बघा. फरक उरला तर तो तुमचा म्हणता येईल. आमच्याकडे अंड्यांच्या कोंबड्या. २००६ मध्ये बर्ड फ्लू आला, २०२१ मध्ये परत आला, दोन्ही वेळा लाखो कोंबड्या मारल्या. त्या वर्षी गाड्या कमी निघाल्या म्हणून वाहतुकीतले हाल कमी झाले असं कुणी लिहिलं तर आम्ही मान्य करू का?

भुसावळ_जंक्शन
एवढं वाचतं कोण? एक फोटो, त्या व्यापाऱ्याचे चार शब्द. निधी गोष्टीला मिळतो.

नवापूरवाला
गोष्ट एका व्यापाऱ्याची झाली. बाकीच्यांनी काहीच केलं नसेल तर तेही अर्जात यायला हवं.

तापीकाठ
सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरही असं संशोधन करा ना. दत्तजयंतीला घोडे किती लांबून आणतात! आणि शर्यतींना २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परवानगी कायम ठेवली, तेव्हापासून बैलांचं काय होतंय तेही कुणीतरी मोजा.

रावेरची_केळी
तापीकाठ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे मूळ मुद्दा: २००१ च्या दुरुस्तीने आलेल्या वाहतूक नियमांत २५ अंशांच्या वर कोंबड्या न्यायच्याच नाहीत असं आहे. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही तेवढं उतरत नाही. 'रात्री भरलं' एवढ्यावर थांबू नका, क्रेटमधली संख्या खरंच कमी झाली का ते मोजा.

जळगावहून_पुण्यात
मी संस्थांच्या कामाचं मूल्यमापन करते. तुमचं काम कोंबडीपर्यंत थेट पोचत नाही, कुणाच्या तरी निर्णयातून पोचतं. म्हणून आधी निर्णय मोजा. अहवाल ज्यांना दिला त्या प्रत्येकाची नोंद ठेवा: देण्याआधी तो काय करणार होता, नंतर काय केलं, आणि अहवाल नसता तर काय केलं असतं. ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही त्यांनाही विचारा. मेलेला पक्षी हा व्यापाऱ्याचा तोटाच असतो, त्यामुळे त्याने स्वतःच्याच हिशेबाने वेळ बदलली असेल हे शक्य आहे. पूर्ण श्रेय घेऊ नका, आपला वाटा किती तेवढं लिहा. 'लाभार्थी' रकान्यात 'थेट: ०' लिहून पुढे दोन वाक्यांत कारण द्या. खोटा आकडा पुढच्या वर्षी गळ्यात येतो. आणि कायद्याने परिणाम-मूल्यांकनाची सक्ती १० कोटी किंवा जास्त सीएसआर बंधन असलेल्या कंपन्यांच्या १ कोटी आणि वरच्या प्रकल्पांना, तीही प्रकल्प संपल्यावर वर्षाने. तुमच्या अर्जातला रकाना कंपनीचा स्वतःचा आहे. फोन करून विचारा, बहुतेक वेळा बदलून देतात.

सातपुडा_पायथा
हे उपयोगी आहे, मनापासून आभार. व्यापाऱ्याला आजच फोन लावतो. सुरुवातीलाच अहवालाचा विषय काढू का?

जळगावहून_पुण्यात
नको. वेळ का बदलली एवढंच विचारा, अहवालाचं त्याला आपणहून आठवतं का बघा.

नवापूरवाला
आणि मागच्या मेची वही जपून ठेवलीय का तेही विचारा. मेलेल्या पक्ष्यांची वजावट त्यात मांडलेली असते.