प्रतिसाद: विमानतळावरचा चहा आणि घरचा डबा

विमानतळावरच्या दोनशे रुपयांच्या चहापेक्षा घरून डबा न्यावा, हे मूळ पोस्टमध्ये आलंय ते अगदी पटलं. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दरवेळी बिनबोभाट जाते. रिकामी बाटलीही जवळ ठेवा, तपासणीनंतर आत फुकट भरता येते.

फक्त सुकं खोबरं घेऊ नका, हातातल्या पिशवीतही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. आईने लेकीसाठी दिलेल्या दोन वाट्या तपासणीत काढून ठेवाव्या लागल्या. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी. आई अजून म्हणते, तपासणीवाल्यांनी त्याची चटणी केली असणार! आणि कोलकात्याहून जाणार असाल तर तिथल्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' हा स्वस्तातला कॅफे सुरू झालाय. चहा १० रुपये, समोसा २०.