अनुभव धागा: छळ झालेल्या, टाकून दिलेल्या प्राण्यांसाठी आलेली देणगी नेमकी कुठे लागते?

प्राणी उचलून आणला की लोक भरभरून पैसे पाठवतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्या पैशाचं काय होतं, तो कुठे कमी पडतो, देताना-घेताना काय चुकतं, हे रोज हे काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. स्वतःची कहाणी नको, पुढच्याच्या कामी येईल असा तपशील हवा.

दवाखान्यातून

पावसाळ्यात किडे पडलेल्या जखमांची रांग लागते. बाहेरून रुपयाएवढं भोक, आत बोटभर पोकळी. टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेलं गॉज जखमेच्या तोंडाशी धरलं की दहा-पंधरा मिनिटांत आतले किडे हवेसाठी वर येतात. मग चिमट्याने एकेक काढायचे. टर्पेंटाइन आत ओतायचं नाही, मांस भाजतं. माशीची अंडी एका दिवसात फुटतात, त्यामुळे रोज उघडून बघणं, सलाइनने धुणं, स्प्रे मारणं आणि कुत्र्याने चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर, असं किमान आठ-दहा दिवस चालतं. पैसे येतात पहिल्या दिवसाच्या फोटोवर. गॉज आणि हातमोजे संपतात सहाव्या दिवशी.

पैसा मध्येच कसा आटतो याचं टीव्हीटीची गाठ (समागमातून पसरणारा कुत्र्यांचा कर्करोग) हे याहून चांगलं उदाहरण. मादीला लघवीच्या जागेतून रक्त जातं, लोकांना वाटतं पाळी आली. व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा द्यावं लागतं. प्रत्येक डोसाआधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली गेल्या तर डोस पुढे ढकलायचा. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून सुई थेट टोचायची नाही, कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावूनच द्यायचं. दुसऱ्या डोसानंतर रक्त थांबतं आणि इथेच घात होतो: "बरी झाली" म्हणून देणाऱ्यांचा हात आखडतो, आणणारा तिला परत सोडून येतो आणि उरलेली गाठ पुन्हा वाढते. म्हणून आवाहन करतानाच सहा डोस, सहा रक्ततपासण्या आणि दीड महिन्याचा पिंजरा असा पूर्ण आकडा सांगावा.

कोठी सांभाळणाऱ्यांकडून

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अडीचशे ते तीनशे ग्रॅम कोरडं खाणं लागतं. म्हणजे चाळीस कुत्री असतील तर वीस किलोचं पोतं जेमतेम दोन दिवस पुरतं. वाढदिवसाला पाच पोती येतात त्याचा आनंदच आहे, पण पाच ब्रँडची पाच पोती आली की आठवडाभर जुलाब. खाणं बदलायचं तर जुन्यात नवं मिसळत सहा-सात दिवसांत बदलावं लागतं. आधी फोन करून कोणतं चालू आहे ते विचारा. बिस्किटांचे पुडे आणि दुधाची पावडर आणू नका. जुन्या चादरी, गोणपाट, वर्तमानपत्रं नेहमी हवीत. लोकरीचे स्वेटर नकोत, पिल्लं धागे गिळतात.

साखळीला बांधून उपाशी ठेवलेला कुत्रा आला तर पहिल्या दिवशी वाटीभर खाऊ घालून पुण्य घेऊ नये. गरजेच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढंच, तेही पाच-सहा वेळा थोडं थोडं. एकदम पोट भरलं तर रक्तातलं फॉस्फरस झपकन उतरतं आणि जेवलेला कुत्रा दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

मोठ्या जनावरांकडचे

चाऱ्यासाठी द्यायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या. रब्बीची ज्वारी निघते, कडबा शेकड्याने स्वस्त मिळतो. मे महिन्यात तेवढ्याच पैशात कितीतरी कमी पेंढ्या येतात. कडबा बारीक कापणारं कुट्टी यंत्र नसेल तर जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवतं. एखाद्या देणगीदाराने यंत्र दिलं तर ती देणगी वर्षानुवर्षं चारा वाचवते. मुंबईचं पांजरपोळ (जनावरांचं आश्रयस्थान) १८३४ चं. तिथे व्यापारी आपल्या मालावर ठरावीक लाग, म्हणजे वर्गणी, देत. थोडी, पण दर व्यवहाराला. खुराकाला तसाच पैसा लागतो.

पोलीस ठाणं आणि कोर्ट

छळाच्या केसमध्ये जप्त झालेला प्राणी मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा, असतो. सुपुर्दनाम्यावर (सांभाळायला ताब्यात दिल्याच्या कागदावर) संस्थेकडे येतो, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय दत्तक देता येत नाही. १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. प्राण्याचं खाणं मात्र केस चालेपर्यंत. कलम ३५ मध्ये हा खर्च मालकाकडून घ्यायची सोय आहे, ती मागायला विसरू नका. त्यासाठी आल्या दिवसाचं वजन, तारखेसह फोटो, पंचनाम्याची प्रत, डॉक्टरांचा दाखला आणि प्रत्येक बिल एकाच फायलीत हवं. कच्च्या चिठ्ठ्यांवर वसुली होत नाही.

हिशेब बघणारे

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि क्यूआर कोड संस्थेच्याच नावाचा आहे का, हे पैसे पाठवायच्या आधी बघा. कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यात गेलेल्या पैशाला ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) लागू होत नाही. रोख २,००० च्या वर असेल तरी नाही, आणि पोतं, औषध अशा वस्तूंनाही नाही. नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. संस्थेने देणग्यांचं विवरण (१०बीडी) भरलं तरच तुम्हाला वजावटीचा दाखला (१०बीई) मिळतो, त्याची मुदत ३१ मे, म्हणून देतानाच पॅन कळवा.

परदेशातल्यांसाठी

भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या कमाईतले पैसे बँकेमार्फत थेट देता येतात. नागरिकत्व बदललं असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच यायला हवेत. मित्राच्या खात्यातून फिरवून पाठवू नका, अडचणीत संस्था येते.

पुन्हा दवाखान्यातून

वरच्या हिशेबाला एक जोड. एका जनावराच्या नावाने पैसे मागितले आणि ते तिसऱ्या दिवशी गेलं, तर उरलेल्याचं काय? आवाहनातच एक ओळ घाला: "शिल्लक रक्कम इतर उपचारांसाठी वापरू." आणि गेल्याची बातमी, झालेला खर्च, शिल्लक हे सगळं त्याच दिवशी देणाऱ्यांना कळवा.