मदत हवी आहे: गोदावरीकाठच्या शेतात गारगोटीची पाती सापडलीत

आमचं रान गंगाखेडजवळ, गोदावरीच्या उंच दरडीला लागून. यंदा नांगरटीनंतर पावसानं माती धुपली आणि अकिकाचे, गारेचे बारीक तुकडे उघडे पडले. एक पातं करंगळीच्या नखाएवढं, दोन्ही कडा समांतर; बोट कापलं बघा! सोबत एक गोटाही आहे, त्यावरून पाती काढल्याच्या उभ्या खाचा स्पष्ट दिसतात. मध्याश्मयुगीन (शेतीच्या आधीच्या दगडी हत्यारांच्या काळातले) शिकारी लोक अशी सूक्ष्मास्त्रं, म्हणजे बारीक दगडी पाती, लाकडाच्या खोबणीत बसवत, एवढं ठाऊक आहे. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी प्रवरा नदीकाठी अश्मयुगीन हत्यारं शोधली, तेही वाचलंय.

पण गारगोट्या नदीही फोडते. माणसानं घडवलेलं कसं ओळखायचं? जागची नोंद कशी ठेवू, आणि कळवायचं कुणाला? रब्बीची पेरणी तोंडावर आलीय. (आई म्हणते, चकमकीचे दगड आहेत, फेक.)