बायझंटाईन चर्चला घुमटाची गरज होती का?

पांथस्थ (धागाकर्ता): सुरुवातीच्या बायझंटाईन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) चर्चचा जीव बॅसिलिकात, म्हणजे लांबट दालनाच्या चर्चमध्ये आहे, घुमटात नाही, असं माझं ठाम मत आहे. समोर अंगण, मग आडवी ओसरी, आत लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि पूर्वेला अर्धगोल गाभारा. इटलीतल्या रावेन्नाजवळचं सांत अपोलिनारे चर्च (इ.स. ५४९) बघा. संगमरवरी २४ खांबांच्या मधून नजर थेट गाभाऱ्यातल्या मोझेइककडे (रंगीत तुकडे जडवलेल्या चित्राकडे) जाते. वाजतगाजत मिरवणुकीने आत शिरणाऱ्या उपासनेला आणखी काय हवं? कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) हागिया सोफिया चर्चचा घुमट हा सम्राट जस्टिनियनचा बडेजाव. ५३७ मध्ये पुरा झाला, ५५८ मध्ये कोसळला आणि खालच्या वेदीचा चुराडा करून गेला.

वीटचुना: साफ असहमत. त्याच जागेवरची आधीची दोन्ही चर्च लाकडी छपराची होती. पहिलं ४०४ मध्ये जळालं, दुसरं ५३२ मध्ये जस्टिनियनविरुद्धच्या निका बंडात. इतकं झाल्यावर विटांचं छत घालणं हा बडेजाव कसा? पहिला घुमट पसरट होता, त्याचा रेटा (आडवा दाब) खांबांना बाहेर ढकलत होता, त्यात ५५७ चा भूकंप. वास्तुकार धाकट्या इसिडोरने नवा घुमट सुमारे सहा मीटर उंच घेतला, तेव्हा रेटा कमी झाला. चूक कळली, सुधारली. याला मी बांधकामाची अक्कल म्हणतो.

पांथस्थ: सुधारली म्हणता, पण ९८९ मध्ये आणि १३४६ मध्ये पुन्हा काही भाग पडलाच की! शिवाय मधलं दालन मुख्यतः धर्मगुरूंचं, सामान्य माणूस बाजूच्या दालनांत आणि वरच्या सज्ज्यांत. तिथून त्याला घुमटाचा तुकडाच दिसणार.

ओवरी: पांथस्थ, हागिया सोफियाचा नकाशा नीट बघाल का? घुमटाच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अर्धघुमट आहेत, उत्तर-दक्षिणेला मात्र खिडक्यांच्या सरळ भिंती. म्हणजे दालन लांबट आणि गाभाऱ्याकडे धावणारं. तुमची बॅसिलिका तिथेच आहे, फक्त डोक्यावर घुमट आणि त्याच्या तळाशी ४० खिडक्यांतून उतरणारा उजेड.

पांथस्थ: बरं, लांबी मान्य. पण रावेन्नाचं सान व्हिटाले चर्च तर अष्टकोनी. तिथे कुठली आली दिशा?

ओवरी: आतल्या अष्टकोनाच्या सात बाजूंना अर्धगोल कोनाडे, आठवी बाजू वेदीकडे सताड उघडी. गाभाऱ्याच्या भिंतींवर एका बाजूला हातात तबक घेतलेला जस्टिनियन, समोर चषक घेतलेली त्याची सम्राज्ञी थिओडोरा, दोघेही आपापल्या लवाजम्यासह. मिरवणूक तिथेही आहेच.