प्रतिसाद: मेसेज बंद करणारे सगळे 'नको' म्हणतात असं नाही
वर विचारलंय की इन-ॲप मेसेज (ॲप उघडं असताना स्क्रीनवर येणारी पाटी) बंद करणाऱ्यांचा वेगळा गट करून त्यांना ऑफर दाखवणं थांबवावं का. गट करा, पण थांबवायची घाई नको. आम्ही केली होती.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका चादर-टॉवेलच्या दुकानाचं ॲप मी सांभाळतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सवलतीचा मेसेज लावला आणि 'डिसमिस' (मेसेज बंद केल्याची नोंद) आलेले सगळे उचलून 'रस नाही' गटात टाकले. नंतर एका नेहमीच्या काकूंनीच दुकानात येऊन झापलं, "अहो, पैसे भरायला गेलं की तुमची ती पाटी मध्येच येते!" बघितलं तर मेसेज कधी दिसावा हे ठरवणारा ट्रिगर चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरायच्या, इव्हेंटवर लावलेला. म्हणजे आम्ही नेमकं घेणारं गिऱ्हाईकच बाद केलं होतं. (ट्रिगर लावणारा मीच, दुसऱ्या कुणाला काय बोलणार.)

फायरबेसमध्ये (हे मेसेज पाठवायचं गूगलचं साधन) मेसेज दिसला, बटण दाबलं, बंद केला, असे तिन्ही इव्हेंट गूगल ॲनालिटिक्सला वेगवेगळे जातात. नुसत्या 'डिसमिस'वर ऑडियन्स (तिथला गिऱ्हाइकांचा गट) बनवू नका. मेसेज कोणत्या स्क्रीनवर आला आणि त्यानंतर खरेदी झाली का, हे जोडून बघा. आमचा सगळ्यात कामाचा गट निघाला बटण दाबून खरेदी न केलेल्यांचा. त्यांना सवलत नको होती, डबल चादरीचं माप हवं होतं!

आणि ऑडियन्सची मेंबरशिप मुदत, म्हणजे माणूस त्या गटात किती दिवस राहतो, ती तपासा. कमाल ५४० दिवस ठेवता येते, पण यात्रेच्या ऑफरला तेवढी कशाला?