अनुभव धागा: कॉलेजच्या फुटबॉल संघाचा हंगाम

विभागीय फेरी, आंतरविभागीय फेरी, त्यातून विद्यापीठाची निवड आणि मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा आपल्याकडचा रस्ता. सुरुवातीचे सामने बाद पद्धतीचे असले की एका दुपारीत वर्ष संपते. ज्यांनी संघ बांधले, मैदाने आखली त्यांनी लिहावे. किस्से नकोत, कामाचे लिहा.

फक्कीवाला
यजमान कॉलेज असाल तर आखणी आदल्या दिवशीच उरका. आधी एक बाजूरेषा दोरीने पक्की करायची. कोपऱ्यापासून तिच्यावर 6 मीटर, गोलरेषेवर 8 मीटर. तिरके अंतर 10 भरले तरच काटकोन. मापाला टेपच घ्या, नायलॉनची दोरी ताणते. शेवटी दोन्ही कर्ण मोजा: 100 बाय 64 मीटरच्या मैदानाला साधारण 118.7 यायला हवेत.

पेनल्टी बॉक्सचे 16.5 मीटर गोलच्या खांबाच्या आतल्या कडेपासून धरायचे. बाहेरून धरलेत आणि खांब 12 सेंटीमीटरचे असले, तर बॉक्स 24 सेंटीमीटर रुंद होतो. बॉक्सवरची कमान 9.15 मीटरची, पण तिचे केंद्र पेनल्टी स्पॉट (गोलरेषेपासून 11 मीटर). बरेच जण बॉक्सच्या रेषेवर खुंटी ठोकतात आणि तिथे अर्धवर्तुळ उमटते.

रेषा मारायला कळीचा (न विझवलेला) चुना अजिबात नको. ओल्या मैदानावर घसरलेल्या मुलाची कातडी भाजते, डोळ्यात गेला तर आणखी वाईट. आणि हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर मागची पट्टी खुंट्यांनी किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबा. मुले आडव्या दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट पुढे उलटतो.

फाईलबहाद्दर
मैदानाआधी कागद! दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा पात्रता अर्ज. अडते ते नावात: एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी, तिसरीकडे वडिलांचे नावच गायब. ऑगस्टमध्येच तपासा. दुसऱ्या गोलकीपरचाही अर्ज भरा, तोच नेमका राहतो.

रंकाळा
कोल्हापुरात प्रश्न वेगळा. चांगली पोरं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींकडून (इथले फुटबॉल क्लब तालमींचेच) खेळतात. कॉलेजकडे येतात तेव्हा प्रत्येकाच्या अंगात वेगळी पद्धत मुरलेली असते. महिनाभरात नवीन डावपेच शिकवायला जाऊ नका. साधी 4-4-2 (चार बचावाला, चार मधे, दोन पुढे) ठेवा आणि सराव फक्त कॉर्नर, फ्री-किक आणि चेंडू गमावल्यावर कोण कुठे परतणार याचा. तेवढ्यावर दोन फेऱ्या निघतात.

घोटा
लागोपाठच्या दिवशी सामने असतील तर दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धात पोटऱ्या वळतात. जेवण सामन्याच्या तीन तास आधी: भात, वरण, पोळी. वडापाव नंतर. ओआरएसचे पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच. अर्ध्या लिटरमध्ये दाट केले तर मळमळते.

वॉर्म-अपला फिफा 11+ हा ठरलेला व्यायामक्रम घ्या, वीस मिनिटांचा आहे. पण त्यातले नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम) सामन्याच्या दिवशी वगळा, सरावात घ्या.

घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटे. चोळायचे नाही. चार पावलेही टाकता येत नसतील तर थेट एक्स-रे.

फक्कीवाला
@रंकाळा, 4-4-2 ला धावणारे दोन मधले लागतात. ते नसतील तर 4-5-1 बरे.

शिट्टी
बरोबरी झाली तर जादा वेळ आहे की थेट पेनल्टी, हे स्पर्धेच्या पत्रकात आधी वाचा. पेनल्टी मारायला शेवटच्या शिट्टीला मैदानात असलेलेच खेळाडू चालतात. भरवशाचा मारणारा पाच मिनिटे आधी बाहेर काढला की बसा. लाल कार्ड मिळालेलाही मारू शकत नाही. समोरच्या संघात खेळाडू कमी असतील तर आपणही तेवढेच कमी करायचे. कोणाला वगळायचे ते आधीच ठरवा.

नवशिका_सचिव
लाल मातीच्या कडक मैदानावर बुटांना कोणते स्टड (तळाचे उंचवटे)?

घोटा
आखूड रबरी, भरपूर संख्येचे, टर्फ शूजसारखे. लांब स्टड मातीत रुतत नाहीत, टाच दुखते. चेंडूतही हवा कमी ठेवा: नियमात 8.5 ते 15.6 पीएसआय चालते, मातीवर 9 च्या आसपास. 12 भरलात तर पहिल्याच टप्प्याला डोक्यावरून जातो.